चोक ओढला की गाडी स्लोला चालू राहते, नाहीतर बंद. कार्ब्युरेटर बदलू का?

घाटवाट:
नमस्कार मंडळी, बाबांची १०० सीसीची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी चिपळूणला पडवीत अख्खा पावसाळा उभी होती, गणपतीत गेलो तेव्हा आठ-दहा किका मारल्यावर चालू झाली पण ॲक्सिलरेटर सोडला की लगेच बंद. पळताना काही त्रास नाही, चौथ्या गिअरला मस्त जाते, क्लच दाबून थांबलो की मेली. चोक अर्धा ओढून ठेवला की चालू राहते. मेकॅनिकने रेसचा स्क्रू पिळून दिला, आता गरम झाली की नुसती बोंबलते आणि पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. प्लग नवीन टाकला, फरक शून्य. बाबा रोज बाजाराला याच गाडीने जातात, भर चौकात बंद पडते याची मला काळजी वाटते.

दहाचा_पाना:
नवीन कार्ब्युरेटर घेऊ नका हो एवढ्यात. चोक हवा कमी करतो, त्यावर चालू राहते म्हणजे स्लोला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा ओढतेय. रेसवर मेन जेट (पेट्रोल सोडणारा मोठ्या भोकाचा पितळी तुकडा) काम करतो म्हणून पळताना कळत नाही, स्लोला सगळा भार छोट्या पायलट जेटवर आणि त्याचं भोक अगदी बारीक, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल उडतं आणि मागे राहिलेला चिकटा तिथेच बसतो. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करा, पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी असेल तर तळाला वेगळं दिसेल. मग वाटी उघडून पायलट जेट काढा आणि उजेडाकडे धरा, आरपार गोल उजेड दिसलाच पाहिजे. तार अजिबात घालू नका, जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की गेला. कार्ब क्लीनर मारा, पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या. मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढायच्या आधी तो आत किती आटे जातो ते मोजून लिहून ठेवा, हे लोक विसरतात आणि मग सेटिंग लागत नाही.

जुना_फिटर:
वरचं बरोबर आहे, फक्त कार्ब्युरेटर उतरवलाच आहे तर तो इंजिनच्या हेडला जोडतो त्या जॉइंटमधली रबरी ओ-रिंग पण बघा, तिथून हवा ओढली जाते. आणि साफ करूनही फक्त गरम झाल्यावरच बंद पडायला लागली तर टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग) घट्ट असतील, त्यांचा गॅप इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासायचा, सकाळी चालू करायच्या आधी.

घाटवाट:
रविवारी उघडला. बाटलीत तळाला पाण्याचे चार-पाच थेंब होते, जेटमधून उजेड अजिबात नाही, हिरवट चिकटा बसलेला. ओ-रिंग चपटी झालेली, नखाने दाबली तर तुकडा पडला. जेट साफ केला, नवी रिंग टाकली, मिक्श्चर होतं तेवढ्याच आट्यांवर ठेवलं आणि रेसचा स्क्रू बराच मागे घेतला. गरम झाल्यावर चोक न ओढता दहा मिनिटं स्लोला उभी राहिली, बाबा शेजारी खुर्ची टाकून ऐकत बसले होते. गिअरचा आवाजही गेला. दोघांचे खूप आभार, टॅपेट पुढच्या खेपेला सकाळीच बघतो.