लाल टोपणाची सिरिंज नसेल तर गणित करून इन्सुलिन भरलं तर चालतं का?

प्रश्न : जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) दुसरं वर्ष, कोल्हापूर

मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग आहे. काल सकाळी कागलच्या एका आजींना २० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. व्हायल (औषधाची बाटली) ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. ट्रेमध्ये ४० साठीच्या लाल टोपणाच्या सिरिंज संपलेल्या, मिलीला १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठीची केशरी एक पडलेली. मी आपली २० च्या रेघेपर्यंत भरली, टिचकी मारून बुडबुडा काढला आणि कॉटकडं निघाले. स्टाफ सिस्टरनी मनगटच धरलं. "किती भरलंस?" "वीस." "वीस न्हवं, आठ भरलंस." पाय लटपटले माझे.

रात्री हॉस्टेलवर मैत्रीण म्हणाली, अडीचनं गुणायचं, ५० च्या रेघेपर्यंत भरायचं, झालं. हिशेब पटतोय. मग अडीअडचणीला चालेल का? मॅडमना विचारायचं धाडस होईना.

उत्तर : वॉर्ड इनचार्ज

हिशेब बरोबर आहे पोरी, पण करू नकोस. ५० पर्यंत भरलेली सिरिंज दुसरी सिस्टर बघणार, ती ५० युनिटच समजणार. शेजारच्या वॉर्डातनं लाल मागून आण, दोन मिनिटांचं काम.

उलटं झालं तर फार वाईट. पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन १०० चं. ते लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत ओढलं की अंगात ५० युनिट जातं, साखर एकदम उतरते. दरदरून घाम, बरळणं, मग शुद्धच हरपते.

आणि आजींचा नाष्टा आला होता का? साधं इन्सुलिन खाण्याआधी अर्धा तास. हे कुणी विचारतच नाही!

उत्तर : आयसीयूतला ब्रदर

डोस बरोबर भरला तरी पेशंट तोच आहे ना, हेही बघा. आमच्याकडं एकावेळी तीन पाटील ॲडमिट असतात. "पाटील का?" विचारलं की तिघंही हो म्हणतात. पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, केस पेपरशी ताडून बघा. कॉट नंबरवर तर जाऊच नका, पंख्याखालची जागा रिकामी झाली की पेशंट परस्पर सरकतात.

प्रश्न विचारणारी :

नाष्ट्याचं बघितलंच नव्हतं. मुलगा खाली चहा आणायला गेलेला. शेवटी मॅडमना सांगितलं. ओरडल्या नाहीत, घडलं तसं लिहून काढायला लावलं, दोन पानं झाली.

आज आजींनीच विचारलं, "आज बरोबर हाय न्हवं?" मी व्हायल आणि लाल टोपण त्यांच्यापुढं धरलं. त्या म्हणाल्या, "मला काय दावतीस, त्या सिस्टरला दाव." दाखवून आले.