मदत हवी आहे: फारसे न वाजवले जाणारे मार्च (बँडवरची संचलनाची संगीतरचना) सुचवा

नमस्कार मंडळी. ओहायोतल्या आमच्या हौशी कॉन्सर्ट बँडमध्ये मी युफोनियम (खर्जातल्या सुरांचं पितळी फुंकवाद्य) वाजवतो. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, दरवर्षी अमेरिकन संगीतकार जॉन फिलिप सूझाचा 'स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर' ठरलेलाच. सुंदर आहेच, पण सूझाने शंभराहून जास्त मार्च लिहिलेत, बाकीचे कधी वाजवायचे? गेल्या वर्षी आम्ही १९२४ चा 'द ब्लॅक हॉर्स ट्रूप' घेतला. ६/८ च्या (सहा मात्रांच्या) तालात घोड्यांच्या टापा, आणि शेवटी घोडेस्वारांची तुकडी दूर निघून जावी तसा आवाज विरत जातो. वाजवतानाच अंगावर काटा आला!

यंदा कार्ल किंग किंवा हेन्री फिलमोर या मार्च लिहिणाऱ्या दुसऱ्या अमेरिकन संगीतकारांचा कुठला घ्यावा? आमच्याकडे फ्रेंच हॉर्न दोनच आहेत, ट्रम्पेटवाले उंच सुरांवर लवकर थकतात. ट्रिओत (मार्चच्या उत्तरार्धातल्या सुरेल भागात) युफोनियमला स्वतःची चाल असेल तर फारच छान. कुणी वाजवला असेल तर लय किती ठेवली, तेही सांगा.