स्ट्रिप मारलेला टायर अन् समृद्धी

मोठे बाबा: काल वावरातून येताना पऱ्हाटीचा खुंट टायरात घुसला. दारव्ह्यात भोकात रबराची स्ट्रिप मारून घेतली. रात्रीपासून हवा टिकून आहे. उद्या पहाटे ४ ले निघतो, कारंज्यावरून समृद्धी महामार्ग. साक्षगंधाले वेळेवर पोचू.

दादा: खुंट कुठं घुसला? रस्त्याले टेकते तिथं, का बाजूनं?

मोठे बाबा: बाजूनं. कंपनीचं नाव लिहिलं राहते ना, त्याच्या खाली.

दादा: मंग त्या टायरवर जाऊच नका. टेकते त्या भागात रबराखाली स्टीलच्या तारांचे पट्टे राहतात. तिथं ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त होते. बाजूले नुसते धागे. चाकाच्या दर फेऱ्याले तो भाग दबते अन् सुटते. त्यात स्ट्रिप घालाच्या आधी टोच्यानं भोक मोठं करतात, म्हणजे अजून धागे तुटले.

मामा: आमच्या ट्रॅक्टरले आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा टाकून दोन हंगाम काढले ना!

दादा: मामा, ट्रॅक्टर २०-२५ नं चालते. समृद्धीवर कारले १२० ची मर्यादा आहे, अन् तेवढ्या वेगानं टायर तापते किती!

ताई: माझ्या गाडीत खिळा मधोमध होता. मीबी स्ट्रिपच मारली, ५ महिने झाले 😟

दादा: ताई, स्ट्रिप घरी पोचापुरती. टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच मारून घे, छत्रीसारखा राहते तो. भोकातून पाणी गेलं तर तारा गंजतात.
मोठे बाबा, हवा गेल्यावर गाडी किती चालवली?

मोठे बाबा: नाल्यापासून फाट्यापर्यंत. दीडेक किलोमीटर असंन.

दादा: त्याचंच मले भेव होतं. रिमखाली चेंगरून टायर आतून घासते, उतरवला की काळा भुगा निंगते. बाहेरून काहीच दिसत नाही. मागच्या मे मधी माझा असाच फुटला, लेकरं गाडीत होती. ते अजून डोळ्यापुढून जात नाही.

मोठी आई: स्टेपनी लावा मंग.

दादा: लावा, पण आधी त्या टायरच्या बाजूले डीओटी (DOT) लिहिलं राहते, त्याच्या पुढचे शेवटचे ४ आकडे पाहा.

मोठे बाबा: ०८१४.

दादा: म्हणजे २०१४ च्या आठव्या आठवड्यात बनला. रबर कडक झालं असंन, तोबी नको. मी साडेतीनले गाडी घेऊन येतो, माझ्यासंगच चला.

मोठे बाबा: बरं. फाटक उघडं ठेवतो. परत आलो की दोन टायर नवे घेऊ.