सालीसकट खायच्या मटाराच्या शेंगा: पोषण किती, आणि शिजवायच्या कशा?

प्रश्न

पुण्यात आमच्या नेहमीच्या भाजीवाल्यांकडे थंडीत दोन प्रकारच्या मटाराच्या शेंगा येऊ लागल्या आहेत. एक चपटी, उजेडात धरली तर आतले बारीक दाणे दिसावेत इतकी पातळ असते, आणि तिच्या पाकिटावर ‘स्नो पीज’ असे छापलेले असते. दुसरी जाडसर आणि भरलेली, तिला ‘शुगर स्नॅप’ म्हणतात. दोन्ही सालीसकट खायच्या असे सांगितले जाते. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे घरात मटार मोजूनच केला जातो, म्हणून या शेंगांचे पोषण सोललेल्या दाण्यांसारखेच धरायचे की वेगळे, हे जाणून घ्यायचे आहे. दुसरे असे की, मी नेहमीच्या उसळीसारखी कुकरला लावली तेव्हा शेंगांचा लगदा झाला. त्यांची योग्य पद्धत कोणती? आणि साधा कोवळा मटारही असाच सालीसकट खाता येईल का?

पहिले उत्तर (आहारतज्ज्ञ)

आहाराच्या हिशेबात या शेंगा मटाराच्या दाण्यांबरोबर धरू नयेत, त्यांना फरसबीच्या शेजारी बसवावे. 100 ग्रॅम कच्च्या स्नो पीजमधून सुमारे 42 किलोकॅलरी मिळतात आणि त्यांत कर्बोदके साधारण साडेसात ग्रॅम असतात. तेवढ्याच सोललेल्या ताज्या मटारात 81 किलोकॅलरी आणि साडेचौदा ग्रॅम कर्बोदके असतात. सासूबाईंच्या ताटात वाटीभर मटाराऐवजी वाटीभर शेंगा आल्या, तर पिष्टमय भाग निम्म्याच्या आसपास येतो. मात्र प्रथिनेही तशीच घटतात, म्हणजे साडेपाच ग्रॅमच्या जागी तीन ग्रॅमहूनही थोडी कमी मिळतात, आणि तंतू पावणेसहा ग्रॅमवरून अडीच ग्रॅमच्या आसपास येतात. म्हणून या शेंगांची भाजी केली त्या दिवशी डाळ किंवा उसळ ताटातून काढू नका.

या शेंगांची खरी श्रीमंती क जीवनसत्त्वात आहे. कच्च्या शेंगांत ते 100 ग्रॅममागे सुमारे 60 मिलिग्रॅम असते, तर मटाराच्या दाण्यांत सुमारे 40. प्रौढ स्त्रीला दिवसाला 65 मिलिग्रॅम पुरेसे असते, हे लक्षात घेतले तर हा वाटा मोठा आहे. लोहही दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि वनस्पतीजन्य लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते, त्यामुळे दोन्ही एकाच भाजीत असणे विशेष उपयोगाचे आहे. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने घटते. शेंगा चिरून पाण्यात भिजत ठेवणे, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणे, किंवा कुकरमध्ये शिट्ट्या करणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

दुसरे उत्तर (वनस्पतिशास्त्राचे शिक्षक)

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या शेंगा म्हणजे लवकर तोडलेला साधा मटार असा समज सर्रास आढळतो. साध्या मटाराची शेंग उघडली की सालीच्या आतल्या बाजूस कागदासारखा एक चिवट पापुद्रा लागतो. हा कठीण पेशींचा थर शेंगेला ताठ ठेवतो, तिला फुगीर आकार देतो आणि वाळल्यावर ती तडकन उघडण्यास कारण होतो. सालीसकट खायच्या जातींमध्ये तो थर जनुकीय बदलामुळे जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे शेंग मऊ राहते आणि वाळताना दाण्यांभोवती आक्रसते. मेंडेलने अभ्यासलेल्या 7 गुणांपैकी शेंगेच्या आकाराचा गुण नेमका हाच आहे. त्याच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीत फुगीर शेंगांची 882 आणि आक्रसलेल्या शेंगांची 299 झाडे मिळाली, म्हणजे जवळपास तीनास एक. शाळेत आपण ते प्रमाण पाठ करतो, पण आक्रसलेली शेंग म्हणजे खाण्याजोगी शेंग ही गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

शुगर स्नॅपमध्ये याच्या जोडीला सालीचा मांसलपणा वाढवणारा आणखी एक गुण आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्यात कॅल्विन लॅम्बॉर्न यांनी जाड सालीच्या एका वेगळ्या निघालेल्या झाडाचा स्नो पीजशी संकर करून ती जात घडवली, आणि 1979 मध्ये तिला ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जातींची पारख करणाऱ्या संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. म्हणून स्नो पीज दाणे भरण्याआधी खातात, तर शुगर स्नॅप दाणे भरल्यावर अधिक गोड लागते.

साध्या मटाराची साल खायचीच असेल तर तो पापुद्रा काढावा लागतो. सालीचा अर्धा भाग आतल्या बाजूस दुमडून मोडला आणि हलक्या हाताने ओढला, की पापुद्रा सुटतो आणि हिरवा गर हाती राहतो. त्याची बटाटा घालून केलेली भाजी चांगली होते, पण साली कोवळ्या, ताज्या आणि नीट धुतलेल्या असाव्यात.

तिसरे उत्तर (घरी नियमित करणारी)

कुकर मुळीच नको. प्रथम देठाचे टोक मोडून शिवणीवरचा दोर ओढून काढावा. शुगर स्नॅपला तो दोन्ही बाजूंनी असतो, आणि राहिला तर दातांत अडकतो. कढई चांगली तापवून थोड्या तेलात मोहरी, हिंग आणि हिरवी मिरची यांची फोडणी करावी, शेंगा पूर्ण कोरड्या करून घालाव्यात आणि मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे सतत परताव्यात. रंग गडद हिरवा झाला आणि शेंग अजून कुरकुरीत आहे, तेवढ्यात मीठ व ओले खोबरे घालून उतरवावे. झाकण ठेवले की वाफेने शेंगा ढेपाळतात. चिमूटभर साखर घालण्याची आपली सवय इथे आवरावी, कारण शेंग स्वतःच गोड असते.

चीनमधील कँटनच्या स्वयंपाकात स्नो पीज लसणावर अशाच झटपट परततात, आणि या वेलीचे कोवळे शेंडेही तिथे आवडीने खातात. पोह्यांत किंवा उपम्यात शेंगा तिरक्या चिरून अगदी शेवटी घालाव्यात. दह्यातल्या कोशिंबिरीसाठी त्या उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यात टाकाव्यात. मसालेभातात मात्र मला त्या अजिबात पटत नाहीत. तिथे दाणाच हवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. गच्चीवर कुंडीत या शेंगा लावता येतील का? शेजारी स्वीट पीची फुलवेल आहे, तिलाही मटारासारख्याच शेंगा धरतात.

चौथे उत्तर (परसबाग करणारा)

त्या फुलवेलीच्या शेंगा आणि बिया कुणीही, विशेषतः मुलांनी, तोंडात घालू नयेत. ती वनस्पती मटाराच्या नव्हे, तर विदर्भात पिकणाऱ्या लाखोळीच्या प्रजातीतली आहे आणि तिच्या बिया विषारी असतात. दोन्ही वेली शेजारी ठेवूच नका, कारण कोवळ्या शेंगा ओळखताना सहज गफलत होते.

सालीसकट खायचा मटार कुंडीत येतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का संपूर्णा’ ही जात याच प्रकारातली आहे. पुण्यात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये बी खोल कुंडीत थेट टोकावे, वेलाला जाळीचा आधार द्यावा आणि पाणी मुळाशी घालावे. पानांवर पांढरी भुरी दिसू लागली तर तेवढी पाने काढून टाकावीत. ऊन तापू लागले की फुले गळतात, त्यामुळे पेरणी लांबवू नये. शेंगा सकाळी तोडाव्यात आणि शक्यतो त्याच दिवशी खाव्यात, कारण तोडल्यानंतर त्यांतील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते. ठेवायच्याच असतील तर न धुता फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवाव्यात.