'अ लेट क्वार्टेट': मध्येच थांबून सूर का लावून घेत नाहीत?

पावसाळीदुपार
काल रात्री 'अ लेट क्वार्टेट' बघितला, २०१२ चा आहे, अजून डोक्यातून जात नाहीये. न्यूयॉर्कमधले चौघं, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, २५ वर्षं एकत्र वाजवतायत आणि चेलोवाल्या पीटरला कंपवात निघतो (ख्रिस्तोफर वॉकन, काय काम केलंय!) आणि मग सगळ्यांचंच आत साचलेलं बाहेर यायला लागतं. मला वेस्टर्न क्लासिकलमधलं काही कळत नाही, घरात लहानपणापासून आपलंच गाणं. पीटर विद्यार्थ्यांना सांगतो की बेथोवनचं ओपस १३१ (अशा चौघांसाठीच लिहिलेली रचना) न थांबता वाजवायचं असतं त्यामुळे वाद्यांचे सूर उतरतात, मग थांबायचं की तसंच जुळवून घेत पुढे जायचं? आपल्याकडे सतारवाले भर मैफलीत खुंटी पिळतात, लोक शांतपणे थांबतात. इथे नेमकं काय अडतं?

हौशीव्हायोलिन
आपल्याकडे तानपुरा चालू असतो म्हणून सूर लावताना मैफल तुटत नाही. इथे मागे तानपुरा नाही आणि लिहिलेलं चौघांनी मिळून पुढे न्यायचंय. एरवी क्वार्टेटमध्ये बहुतेक चार भाग असतात, मधल्या शांततेत लोक खोकून घेतात, वादक सूर तपासतात. ओपस १३१ ला सात भाग आणि बेथोवनने ते एकाला एक जोडून टाकलेत, चाळीसेक मिनिटं सलग. तारा उतरणारच. पण या वाद्यांना पडदे नसतात, बोट केसभर सरकवून उतरलेली तार सांभाळून घेता येते, खरी पंचाईत मोकळ्या तारेची, तिथे बोटच लागत नाही. त्यात सुरुवातीचा भाग सी शार्प मायनरमध्ये, जी आणि डी या मोकळ्या तारा त्या स्केलमध्ये बसतच नाहीत, म्हणजे वाद्य आपणहून घुमण्याचा आधार आधीच कमी. शिवाय माझी तार उतरली तर मी ती एकट्याने सावरून भागत नाही, बाकी तिघं कुठे सरकलेत ते ऐकत ऐकत जायचं असतं. म्हणून रॉबर्टचं मला पटतं. इतकी वर्षं दुसरं व्हायोलिन वाजवून त्याला कधीतरी पहिली खुर्ची हवी असते आणि व्हायोला वाजवणारी त्याची बायकोच त्याची बाजू घेत नाही, तो सीन बघवत नाही.

सांजवात_६२
शेवट सांगतेय, बघितला नसेल तर वाचू नका.
माझे बाबा हार्मोनियम वाजवायचे, त्यांना कंपवात होता. हात थरथरायला लागले ते खूप नंतर, आधी बोटं मंदावली. द्रुत आली की मागे पडायचे आणि तबलजींना म्हणायचे, जरा लय उतरवा. आम्ही म्हणायचो वय झालं. पिक्चरमध्ये डॉक्टर पीटरला साध्या हालचाली करायला लावते (मधुर जाफरी आहेत त्या) तिथे मी पॉज केला आणि दहा मिनिटं नुसती बसून राहिले. शेवटी तो स्टेजवर भर कार्यक्रमात थांबतो, लोकांना सांगतो की मला यांच्याबरोबर राहणं जमत नाहीये आणि आपली जागा नीना ली या दुसऱ्या चेलोवादक बाईंच्या हवाली करतो. बाबांना असं सांगायची संधी मिळाली नाही, आम्हीच पेटी हळूच माळ्यावर ठेवली. त्यांना विचारायला हवं होतं.

नाट्यवेडा
नीना ली खरीच चेलोवादक आहे, ब्रेंटानो क्वार्टेटची, आणि पिक्चरमधलं ओपस १३१ त्यांनीच वाजवलंय. रॉबर्टच्या मुलीचं आणि पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्या डॅनियलचं प्रकरण मात्र मला नकोच वाटलं, तेवढा वेळ रियाजाला द्यायचा होता.

पावसाळीदुपार
सगळ्यांचे आभार. सांजवात ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. आज हेडफोन लावून सातही भाग सलग ऐकले, पाचव्याच्या शेवटी सगळी वाद्यं एकदम खरखरीत, काचेवर नख ओढल्यासारखी वाजतात, ते रेकॉर्डिंग खराब आहे का?

हौशीव्हायोलिन
नाही, तसंच लिहिलंय, गज घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) अगदी जवळून ओढायचा. १८२६ मध्ये हे लिहिताना बेथोवनला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, तरी हा आवाज त्याला हवा होता. आता पुन्हा लावाल तेव्हा त्याच्या लगेच पुढे सहावा भाग येतो, अगदी छोटा, त्यात आधी व्हायोला गाते, तिच्याकडे कान ठेवा.