मदत हवी आहे: वॉर्डात शिकवणाऱ्या सिस्टरांचा चिंतनगट

नमस्कार. सोलापुरात जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) विद्यार्थिनींना वॉर्डात शिकवणाऱ्या सहा-सात जणींचा चिंतनगट आहे, म्हणजे शिकवताना घडलेल्या प्रसंगाकडे एकत्र बसून मागे वळून पाहायचं. पंधरा दिवसांतून एकदा, ४५ मिनिटं, एकच प्रसंग. उदा. विद्यार्थिनीचा हात थरथरला, लगेच सिस्टरने व्हेनफ्लॉन (सलाइनसाठी शिरेत घालायची नळी) स्वतःकडे घेतला. तिथे सिस्टरने थांबायला हवं होतं का?

त्यासाठी गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले चिंतनाचे सहा टप्पे वापरतो: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. पण अर्धा तास वर्णनातच जातो आणि मेट्रन बसल्या की भावनांवर कुणी तोंडच उघडत नाही. (पेशंटचं नाव, बेड नंबर अर्थातच घेत नाही.)

वर्णनाला पाच मिनिटांची मर्यादा घालून पाहिलीय का कुणी? गट चालवणारी व्यक्ती दुसऱ्या वॉर्डातली असावी का? आणि ड्युटी बदलताना दोन्ही पाळ्यांना एकत्र कसं बसवता? नेमकं सांगा, खूप गरज आहे.