मदत हवी आहे: साठीनंतर बुलेटवरून पेडणे ते काणकोण, मागे बसणारीला सल्ला द्या

नमस्कार मंडळी,

मी माशेलची. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं काढली, गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमचे हे कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर ड्रायव्हर. जुलैअखेर त्यांचीही सेवा संपली. निरोपाच्या शालीची अजून घडी मोडलेली नाही, आणि ह्यांनी जाहीर केलं, दिवाळी झाली की आपण दोघांनी बुलेटवरून गोवा फिरायचा. अख्खा. पेडणे ते काणकोण.

तुम्ही हसाल, गोव्यात जन्म गेला आणि आता गोवा काय फिरायचा. पण मी मुलांना वर्षानुवर्षं नकाशावर पट्टी ठेवून दाखवत आले, हे वर तेरेखोल, हे खाली पोळे, मधे १०५ किलोमीटरचा किनारा. तालुके आधी अकरा पाठ करून घेतले, मग धारबांदोडा वेगळा झाला तेव्हा बारा. आणि खरं सांगते, पोळे मी पाहिलेलं नाही. तेरेखोलही नाही. ह्यांनी सगळं पाहिलंय, पण समोरच्या काचेतून. थांबा सोडून कुठे थांबायची सोयच नव्हती. सांग्याच्या रूटवर होते तेव्हा नेत्रावळीची पाटी रोज दिसायची, आत वळणं कधी झालं नाही.

गाडी १९९७ची बुलेट. चार गियर, तेही उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ती चालवता येत नाही आणि याचा ह्यांना भारी अभिमान. आरसीचं नूतनीकरण २०२७ पर्यंत आहे, पीयूसी आणि विमा चालू आहे.

आता माझी अडचण. ती घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे.

मी या गाडीवर अठ्ठावीस वर्षं साडी नेसून एका बाजूने बसत आले. उजवा हात ह्यांच्या खांद्यावर, मांडीवर पर्स नाहीतर भाजीची पिशवी. फोंड्यापर्यंत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापर्यंत, लग्नामुंजीला, एवढंच. तेवढ्यानेच हल्ली घरी उतरल्यावर कंबर धरून दोन मिनिटं उभी राहते. डावा गुडघा कुरकुरतो, डॉक्टरनी ऑपरेशनचं काही म्हटलेलं नाही पण पायऱ्या कमी करा म्हणाले. पाच दिवस असं बसणं मला झेपणार नाही, हे ह्यांना कळत नाही. मी सांगितलेलंही नाही. इतक्या हौसेने नकाशा घेऊन बसतात, कसं सांगू.

दोन्हीकडे पाय टाकून मी आयुष्यात बसलेले नाही. परवा दुपारी हे झोपले असताना अंगणात जाऊन बघून आले. उजवीकडचं मागचं फूटरेस्ट घडी घातलेलं होतं, ते उघडेचना. गंजून चिकटलंय. अठ्ठावीस वर्षांत ते कुणी उघडलेलंच नाही! मी तिथेच हसत सुटले, मग जरा वाईटही वाटलं.

तर प्रश्न असे.

या वयात नव्याने दोन्हीकडे पाय टाकून बसायला शिकता येतं का? गुडघ्याला ते बरं की वाईट? कपडे काय घालावेत? पँट घालून गावातून जायची मला अजून लाज वाटते, हसू नका.

ह्यांनी केलेला बेत: पहिल्या दिवशी खांडोळ्याहून आमोण्याचा पूल ओलांडून डिचोली, अस्नोडा, कोलवाळ, पेडणे, केरी, तेरेखोल. दुसऱ्या दिवशी किनाऱ्या-किनाऱ्याने हरमल, मोरजी, कळंगुट, पणजी, मडगाव. तिसऱ्या दिवशी करमल घाटातून काणकोण, पोळे. चौथ्या दिवशी सांगे, नेत्रावळी, साळावली धरण. पाचव्या दिवशी तांबडी सुर्ला करून घरी. कागदावर प्रत्येक ठिकाणापुढे वेळ लिहिलीय. '८.४० चहा.' '८.५५ सुटणे.' देवाशपथ, 'सुटणे' असंच लिहिलंय.

हा माझा शेवटचा प्रश्न. ज्या माणसाने उभा जन्म घड्याळाकडे बघून गाडी हाकली, त्याला रस्त्याच्या कडेला विनाकारण थांबायला कसं शिकवतात?

मुलगा बंगळूरला असतो. त्याचं म्हणणं, कार घ्या, नाहीतर निदान भाड्याची नवी स्कूटर घ्या. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेली गाडी घेऊन मी माझ्याच गोव्यात पर्यटक होऊ का, असं हे म्हणाले आणि विषय संपला.

— माशेलची बाई

रानवाट:

ताई, बेत छान आहे, फक्त दुसरा दिवस फाडून टाका. दिवाळीनंतर हरमल ते कळंगुट हा पट्टा म्हणजे हॉर्न आणि गर्दी. केरीला समुद्र बघा, फेरीबोटीने पलीकडे जाऊन तेरेखोलचा किल्ला बघा, तिथे १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रहींनी तिरंगा लावला होता हे तुम्ही मुलांना शिकवलंच असेल. आणि मग पेडण्याहून आतल्या वाटेने मागे या. माशेल गोव्याच्या बरोबर मधे आहे. एक रात्र घरी झोपा, गुडघ्याला तेल लावा, दुसऱ्या दिवशी दक्षिणेला निघा.

करमल घाट टाळा. वळणं आणि ट्रक, मागे बसणाऱ्याला काही दिसत नाही, पुढच्या ट्रकचा धूर तेवढा मिळतो. मडगावहून असोळणे, बेतूल, काब द राम, आगोंद असा किनाऱ्याकडचा रस्ता घ्या. लांब पडतो, पण काब द रामच्या किल्ल्याच्या तटावर बसलात की घड्याळाचा प्रश्न आपोआप सुटेल. खोलची मिरची मिळाली तर घ्या, तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय.

नेत्रावळीला बुडबुड्यांच्या तळीवर जा. काठाच्या पायऱ्यांवर बसून टाळी वाजवायची आणि बुडबुडे येतात का बघायचं, एवढंच काम. रिवणच्या बाजूला कुशावतीकाठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत, १९९३ साली उजेडात आली. बैल आहेत, नाचणारी बाई आहे, आणि एक गोल चक्रव्यूह आहे. त्यावरून बोट फिरवू नका, नुसत्या नजरेने आत जाऊन बाहेर या. साळावलीचा तो गोल सांडवा पावसाळ्यात भरून वाहतो तेव्हाच खरा. नोव्हेंबरात तो कोरडा दिसला तर हिरमुसू नका.

गॅरेजवाला:

फूटरेस्टवर हातोडी मारू नका, कान तुटेल. गंज काढायचं तेल रात्रभर सोडून ठेवा, सकाळी हलक्या हाताने हलवा. उघडलं की पिन बदलून घ्या, रबर नवं टाका. साडीगार्ड काढायला सांगतील, काढू नका, ओढणी चाकात जाण्यापासून तोच वाचवतो. सायलेन्सर ज्या बाजूला आहे तिकडे पोटरी चिकटणार नाही असं बसा, आणि चढणं-उतरणं नेहमी दुसऱ्या बाजूने.

गाडीचं म्हणाल तर ड्रम ब्रेकचे लायनर, क्लच केबल, एक्सिलरेटर केबल आणि दोन्ही टायर. टायरला नक्षी दिसते म्हणून समाधान मानू नका, रबर किती जुनं झालंय ते बघा. दोन्ही केबल जादाच्या डिकीत ठेवा. जुनी बुलेट रस्त्यात बंद पडते ती बहुतेक फुटकळ कारणाने, आणि त्या दोन केबलींसाठी आख्खा दिवस जातो.

केपेंकरीण:

बाये, मी बावन्नाव्या वर्षी शिकले. सांगते.

एका बाजूने बसलं की कमरेला पीळ पडतो आणि सगळा भार एकाच बाजूला येतो. तुझं दुखणं तिथलंच असेल. दोन्हीकडे पाय टाकलेस की पाठ सरळ राहते. गुडघ्यासाठी फूटरेस्ट फार वर असू नये, गुडघा घट्ट दुमडला की दुखणारच. पण डॉक्टरांना एकदा विचार. चढायचं कसं ते आधी शिक. त्यांनी दोन्ही पाय टेकून, पुढचा ब्रेक दाबून गाडी धरायची. तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा, डावा पाय फूटरेस्टवर, उजवा पलीकडे. आणि 'बसले' म्हटल्याशिवाय त्यांनी क्लच सोडायचा नाही. हे आधी ठरवून घे. बसवाल्यांना दार लागलं की सुटायची सवय असते.

सलवार चालते, फक्त घेर कमी हवा आणि ओढणी घरी. पाऊण तासाने उतरायचंच, दुखत असो वा नसो. दुखल्यावर उतरलं तर उशीर झालेला असतो. हेल्मेट दोघांनाही, कायद्यानेही मागच्याला लागतंच. दुकानात नुसतं घालून बघू नको, दहा मिनिटं डोक्यावर ठेवून फिर, कपाळाला टोचायला लागलं तर ते तुझं नव्हे.

आणि त्यांना सांग. माझ्या नवऱ्याला मी तीन वर्षं सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर म्हणाला, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

उचापती:

कार घ्या. एसी लावा. मुलगा बरोबर सांगतोय.

बॅजवाला:

उचापती, तुम्ही घ्या.

ताई, मीही बसवरूनच निवृत्त झालो, म्हणून दुसऱ्या कुणाला सुचणार नाही ते सांगतो. साहेबांच्या लायसन्सचं कार्ड आजच हातात घ्या. त्यावर दोन तारखा असतात, एक ट्रान्सपोर्टची, एक नॉन-ट्रान्सपोर्टची. आपण आयुष्यभर पहिलीच बघतो, कारण नोकरी तिच्यावर. मोटरसायकल दुसरीत येते. पन्नाशीनंतर नूतनीकरण केलं असेल तर ती साठाव्या वाढदिवसाला संपलेली असू शकते. तसं असेल तर विम्यालाही अर्थ राहत नाही. संपून वर्ष व्हायच्या आत गेलात तर पुन्हा टेस्ट द्यावी लागत नाही, डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो.

मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी नाही, हे त्यांना माहीत असणारच. पण बसची सवय आहे, पणजीला हात आपोआप तिकडे वळतात. माझे वळले होते.

माशेलची बाई:

सगळ्यांचे आभार. एकेक सांगते.

बॅजवाले भाऊ, तुमच्या पाया पडायला हवं. कार्ड काढलं. ट्रान्सपोर्टची तारीख अजून पुढची आहे, दुसरी जुलैतच संपली. आमचे हे ते कार्ड उलटसुलट करून पाचदा बघत राहिले. "म्हणजे मी बस चालवू शकतो आणि बुलेट नाही?" असं म्हणून खुर्चीत बसले ते चहा थंड होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, मग आरटीओ. दोन आठवडे गाडी अंगणातच. लायसन्स हातात आल्यावर पुढचं.

रानवाट, कळंगुट कापलं. करमलही कापला. पण मधल्या रात्री घरी येणं नको. घरी आले की दूधवाला, गॅस, शेजारणीचा निरोप, आणि मग माझा पाय परत उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. त्यापेक्षा जांबावलीच्या देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) खोली मिळते का विचारते. तिथून रिवण, सांगे जवळ.

केपेंकरीण, सांगितलं. हे काही बोलले नाहीत. संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन फूटरेस्टशी बसलेले दिसले. तिसऱ्या दिवशी 'कट्' असा आवाज झाला आणि ते उघडलं.

लायसन्स आल्यावर सराव देवकीकृष्णाच्या समोरच्या मैदानात केला, पहाटे, कुणी नसताना. आषाढात जिथे चिखलात लोळून चिखलकाला खेळतात तेच मैदान. म्हटलं, इथे पडले तरी परंपरेला धरून होईल. सलवार भाचीची. पहिल्यांदा पाय सीटवर आपटून तसाच खाली आला. दुसऱ्यांदा बसले. ह्यांनी विचारलं, "बसलीस?" मी म्हटलं, "बसले." तरी गाडी हलेना. मागे वळून पुन्हा विचारलं, "नक्की?"

काल नार्व्यापर्यंत गेलो, सप्तकोटेश्वराला नमस्कार केला आणि फेरीबोटीने दिवाडी. धक्क्याचा उतार ओला होता, शेवाळ होतं, म्हणून मी उतरून चालत गेले, ह्यांनी पाय टेकत टेकत गाडी आत नेली. कंबर दुखली, पण पूर्वीच्या निम्मी. बोटीत ह्यांनी सवयीने विचारलं, सुटायची वेळ काय? बोटवाला म्हणाला, गाड्या भरल्या की सुटते. हे कठड्याला टेकून उभे राहिले. आमच्यानंतर बराच वेळ कुणी आलं नाही, आणि ह्यांनी एकदाही मनगट वर केलं नाही.

एक राहिलं. नेत्रावळीच्या बाजूला पेट्रोलचं काय?

रानवाट:

केप्यात किंवा सांगे बाजारात टाकी भरूनच आत जा, पुढे जाऊन शोधू नका. आत मोबाइलचं नेटवर्कही जातं. मुलाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर तो बंगळूरहून कार घेऊन येईल.